रूपालीच्या जागी संध्या

१

कानबाई मायची आण, यातला शब्द न् शब्द खरा आहे! मागच्यांना ऐकू गेलं का? शब्द न् शब्द! मी एरवी सांगते त्यात थोडा मीठमसाला असतो, ते मी नाकारत नाही. आमच्या ब्राह्मणपुरीत मिरची वाळत घातली की सुरतेच्या गाडीत बसलेला माणूस तिकडे शिंकतो, असं मी सांगितलं असेल. आमचे हे तापीच्या पुरात मगरीच्या पाठीवर बसून मेहुण्याच्या लग्नाला गेले, तेही सांगितलं असेल. ते सगळं बाजूला ठेवा. ही गोष्ट तशी नाही.

मिरचीचे दिवस होते. दुपारची वेळ, गल्लीत चिटपाखरू नाही. घरोघरी अंगणात लाल मिरची पसरलेली, अन् तिचा वास असा की कुत्रीसुद्धा तोंड झाकून झोपलेली. मी ओट्यावर डोळा लावून पडले होते. तेवढ्यात शेजारची धनुबाई अनवाणी धावत आली. धनुबाई धावणारी बाई नाही. तिच्या घराला आग लागली तरी ती आधी पदर सारखा करील.

"जिजी, ती उनी वं! मन्ही संध्या उनी!"

आली म्हणजे? मी उठून बसले. संध्या म्हणजे तिची सून, तिच्या लेकाची, ललितची, पहिली बायको. काविळीनं गेली त्याला वर्ष होऊन गेलं होतं. वर्षश्राद्धाचं जेवण मी स्वतः जेवले होते.

"कोठे उनी?"

"मोबाईलमा!"

आता हे आधी सांगायला पाहिजे. आमच्या बायकांचा बचत गट आहे. मिरचीपूड, काळा मसाला, कुरडया असं करतो. शहाद्याच्या भाग्येश नावाच्या मुलानं गटाची वेबसाइट करून दिली. तिच्यावर एकेका बाईचा फोटो, खाली नाव, ती काय करते ते. जी जशी गटात आली तशी खाली खाली लावलेली. संध्या आली तेव्हा ती सगळ्यात खाली होती. ती गेल्यावर तिचा फोटो काढू नका, असं धनुबाईनंच सांगितलं. पुढे ललितनं धानोऱ्याची रूपाली केली. ती गटात आली, अन् तिचा फोटो संध्याच्या खाली लागला.

मी चष्मा लावला. वरपासून बघत खाली आले. मी काही गटात नव्हते, बाकी सगळ्या ओळखीच्या. जसोदाबाई, मंगलाबाई, सगळ्या जागच्या जागी. मग संध्या, निळ्या साडीत हसणारी. अन् तिच्या खाली, जिथं रूपाली पाहिजे, तिथं पुन्हा संध्या. तीच निळी साडी, तेच हसू.

"रूपाली कोठे गयी?"

"तेच तर! सौतनी तिले पुसी टाकं, अन् तिना जागावर सोता बठेल शे." धनुबाई घाम पुसत खाली बसली. "टाक काढा तिनी, अन् ती उनी."

टाक म्हणजे चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर मेलेल्या बाईची मूर्ती उठवलेली. आमच्याकडे दुसरेपणावर आलेली बायको तो गळ्यात घालते, म्हणजे पहिलीचा मान राहतो अन् ती रुसत नाही. रूपालीनं तो काढून देव्हाऱ्यात ठेवला होता, हे मलाही माहीत होतं. दिवसभर मिरची निवडायची, घाम अन् मिरचीची धूळ टाकाखाली साचायची, तिच्या गळ्याला फोड आले होते.

"सोमवारले तिले धानोराले पोचाडी दिसू," धनुबाई म्हणाली. "कायमनी. मन्हा आंडोर, मन्हा ललित वाचाले पाहिजे, जिजी. एक गयी. आते ती कोनले लई जाई?"

मी काही बोलणार, एवढ्यात धनुबाईच्या घराकडून फोन वाजला. शहनाईची ट्यून. ती ट्यून गल्लीत एकाच बाईच्या फोनला होती, अन् ती बाई जळून राख झाली होती.

२

आम्ही दोघी एकमेकींचा हात धरून गेलो. मी भ्यायले नाही. हात धरला तो धनुबाईनं भिऊ नये म्हणून.

आवाज मागच्या कोठीच्या खोलीतून येत होता. तिथं मिरचीची पोती ठेवतात. दाराला कडी. आत अंधार, अन् सगळ्यावर मिरचीची लाल धूळ: पोत्यांवर, कोनाड्यावर, भिंतीवरच्या कॅलेंडरवर. कोपऱ्यात संध्याची माहेरची लोखंडी पेटी, अन् शहनाई पेटीत वाजत होती.

धनुबाई उंबऱ्याबाहेरच थांबली. "नको उघडू वं जिजी."

मी उघडली. पेटीत संध्याच्या साड्या, वर तिचा फोन, पडदा उजळलेला. मी तो कानाला लावला. 

"हॅलो, संध्याबेन?" पलीकडून बाईचा आवाज. "सुरतथी बोलूं छूं. तुमचा फोटो दोनदा आहे. मसाल्यासाठी वरच्यावर दाबायचं का खालच्यावर?"

"तुला नंबर कुठं मिळाला गं?"

"फोटोच्या खालीच तर लिहिला आहे."

मी फोन बंद केला अन् खोलीत नजर फिरवली. एवढ्या लाल धुळीत एकच जागा स्वच्छ होती. पेटीच्या मागे, भिंतीवर, विजेचं बटण. पांढरं शुभ्र. जणू कुणी रोज बोटानं पुसतंय.

मागे वळले तर दारात रूपाली. धनुबाईच्या मागे, भिंतीला टेकून. तिचा हात आपल्या रिकाम्या गळ्यावर होता.

"मोठी माय," ती मला हळू म्हणाली, "माले धानोराले नही जानं. पाहुनी म्हनून जासू, पन अशी नही जानं. मन्हा बाप दार उघडी, पन गाव नही उघडनार."

धनुबाई तिच्याकडं न बघता म्हणाली, "मन्हा तुन्हावर राग नही. पन ती शे."

"माय, मी तिना मसाला बी तिना नावनाच बांधस ना. मन्हं नाव कधी लावं का?"

 अन् पोरगी रडत नव्हती, म्हणून माझं काळीज जास्तच हललं. रडणारीला समजावता येतं. मी धनुबाईला म्हटलं, "सोमवार लगून कोनी कोनले पोचाडनार नही. तोपर्यंत हाई भूत मन्हं शे."

धनुबाई म्हणाली, "भूत तुन्हं कसं?"

"तुन्हा घरमा जागा नही म्हनून."

ती हसली नाही. बाहेर येताना खोलीची कडी लावायची राहिली, म्हणून मी परत वळले. पेटीच्या कडेवर धुळीत बोटांचे ठसे होते. माझे नव्हेत, मी पेटी पदरानं धरून उघडली होती. ठसे जाड, पुरुषी बोटांचे.

३

आधी मी शहाद्याला गेले. संध्याची धाकटी बहीण रविना तिथं भाग्येशच्याच दुकानात काम करते, अन् गटाच्या ऑर्डरी तीच भरते. गावात बायका कुजबुजत होत्या की ललितनं रविनाला करायला पाहिजे होतं, बहिणीच्या जागी बहीण. म्हणजे रूपालीला पुसण्याचं कारणही तिच्याकडं अन् हातात कॉम्प्युटरही तिच्याच.

मी आडवळण घेतलं नाही. "तू पुसलंस का रूपालीला?"

रविना ताठ झाली. "मोठी माय, लोक काय बोलतात ते मला माहीत आहे. पण मला विचारलं होतं, अन् मीच नाही म्हटलं. माझ्याच बहिणीचा टाक मी गळ्यात घालून फिरू का?"

"मग ती दोनदा दिसते ते तुला आधी दिसलं होतं का?"

तिचे डोळे खाली गेले. "हो."

"अन् बोलली नाहीस?"

"नाही. बरं वाटलं." तिनं ओढणीचं टोक चुरगाळलं. "एकीकडून पुसून टाकतात, इथं एकाच्या दोन झाल्या. मला वाटलं, राहू दे थोडे दिवस."

खोटं बोलणाऱ्याला इतकं वेडं कारण सुचत नाही. मी तिला सोडलं अन् भाग्येशकडं वळले. हा पोरगा उंच, काडीसारखा, अन् त्याच्या लॅपटॉपला लिंबू-मिरची टांगलेली.

"हे काय रे?"

"आजी, हसू नका. मी आजवर असलं काही मानत नव्हतो." त्यानं आवाज खाली आणला. "मी सगळं तपासलं. डेटाबेस म्हणजे आपली कोठी समजा, सगळ्यांची नावं त्यात. कोठीत रूपालीताई आहेत. नाव बरोबर, फोटो बरोबर, नंबर बरोबर. संध्याताई एकदाच आहेत, दोनदा नाहीत. मी कोठीला क्वेरी विचारतो, म्हणजे सगळ्या दे म्हणतो, तर ती सगळ्या बरोबर देते. अन् पानावर बघावं तर रूपालीताई गायब. कोठीतून दारापर्यंत येता येता वाटेत कुणीतरी त्यांना..." त्यानं लिंबाकडं पाहिलं.

"वाटेत कोण असतं?"

"कुणीच नाही. फक्त माझा कोड."

"तो कधी बदललास का?"

"थोडासा. धनुबाईंनीच सांगितलं होतं. संध्याताईंच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी फोन आला. म्हणाल्या, सगळ्यांची नावं उघडी दिसतात, नावामागे मान लाव. कुणाला सौ., कुणाला श्रीमती. अन् संध्याच्या मागे कै. सौ. लाव, ती सवाष्ण गेली. मी दुसऱ्या दिवशी लावलं. त्याच वेळी खाली फोन नंबरही घातले."

 त्याच श्राद्धाच्या दिवशी फोड फुटून रक्त आलं म्हणून रूपालीनं टाक काढला होता. टाक उतरला, मान चढला, अन् संध्या परत आली. सगळं एका दिवसात. मला वाटलं, भूतच असेल बाई. आपण उगाच मोठेपणा केला.

अन् मग बसमध्ये बसल्यावर माझ्या डोक्यात एक साधा प्रश्न आला. मी एवढ्या जोरात "आई गं" म्हटलं की कंडक्टर तिकिटं टाकून धावत आला.

भुताला रिचार्ज कोण मारतं?

४

ललित मला मिरचीच्या अंगणात सापडला. फावड्यानं मिरची खालीवर करत होता. शांत माणूस. संध्या गेली तेव्हाही शांत, रूपाली आली तेव्हाही. आपल्याच बायकोला आई परत पाठवायला निघाली तरी शांत, म्हणून मला त्याचा राग होता.

मी त्याच्याजवळ उकिडवी बसले. "ललित, बोटं दाखव."

"काय?"

"बोटं!"

त्यानं हात पुढं केले. जाड बोटं, नखांत मिरची.

"संध्याच्या फोनला चार्जर तू लावतोस. रिचार्ज तू मारतोस. बटण पुसून पुसून पांढरं केलंस, बाकी खोली लाल. आईला सांगतोस पोती बघायला जातो, अन् कडी लावून आत बसतोस. काय करतोस रे तिथं?"

फावडं त्याच्या हातातून सुटलं. 

"मोठी माय, तिना आवाज शे त्यामा," तो म्हणाला. "ती मला बाजारातून काय आणायचं ते बोलून पाठवायची. जिरे आन, साबन आन. तेवढंच. मी तेच ऐकस."

"साबण आण?"

"हाव."

मला हसू यायला पाहिजे होतं. नाही आलं.

"अन् ती वेबसाइट? तिथं संध्या दोनदा?"

"ते मी नही. कानबाईनी आण. माले मोबाईलमा फोन लावता येस, बाकी काहीच येत नही. ते देखं तधळ मी बी घाबरनू. मला वाटलं, मी रोज तिला बोलावत बसलो म्हणून ती आली. मन्हामुळेच उनी." त्यानं मान वर केली. डोळे मिरचीसारखे लाल. "मग माय रूपालीले पाठवस म्हने तर मी कोनता तोंडनी आडवू? काय सांगू, की तुन्हं काही चुकनं नही, मीच दुसरीले बोलावत व्हतू?"

"हेच सांगायचं, मेल्या. याहून दुसरं काय सांगायचं असतं?"

"रूपालीले माहीत शे," तो म्हणाला.

"काय?"

"ती एकदा दारात उभी होती. ऐकलं तिनं.  दुसऱ्या दिवशी मला पिशवी देताना म्हणाली, साबन आनजा."

तर फोनचं भूत माणूस निघालं. पण पानावरचं भूत अजून तिथंच होतं, निळ्या साडीत, हसत. ते ललितचं नव्हतं, रविनाचं नव्हतं, भाग्येशचंही नव्हतं. धनुबाईला तर मोबाईल उलटा धरला तरी कळत नाही. मग रूपालीला पुसलं कुणी? अन् दुसरा दिवस रविवारचा होता. त्याच्या पलीकडे सोमवार.

मी घरी येऊन भिंतीकडं बघत बसले. भुताचं असं असतं की ते माणसाच्या मागे लागतं. पण समजा ते माणसाच्या मागे लागलंच नसेल. समजा ते जागेच्या मागे लागलं असेल. वडाखालचं भूत असतं ना, जो खाली बसेल त्याला धरतं, नाव विचारत नाही. तर ही शेवटची जागाच बाधलेली असली तर?

ते बघायचा एकच उपाय होता. त्या जागेवर दुसरं कुणीतरी बसायला पाहिजे. अन् या वयात मला भुताचं काय भय? मला नेऊन ते काय करील, माझ्या गोष्टी ऐकत बसावं लागेल त्याला.

५

रविवारी भाग्येश रविनाला मागे बसवून मोटारसायकलवर आला. लॅपटॉपचं लिंबू तसंच होतं. धनुबाईच्या अंगणात गटाच्या सगळ्या बायका जमल्या. मिरची सारून मध्ये खाट टाकली. रूपाली दाराशी. तिची पिशवी भरून उंबऱ्याच्या आत ठेवलेली मला दिसली. ललित भिंतीशी.

"मला गटात घ्या," मी म्हटलं.

"आते?" मंगलाबाई हसली. "म्हातारपनमा मिरची कांडशी का, जिजी?"

"मी गप्पा कांडीन. ते पण विकत नाहीत का लोक? घाल रे भाग्येश, माझं नाव प्रमिलाबाई. श्रीमती लाव मागे. अन् फोटो काढ, हे नवं लुगडं मी काही उगाच नेसले नाही."

त्यानं फोटो काढला. खटखट केलं. कोठीत माझं नाव गेलं, सगळ्यात शेवटी, रूपालीच्या खाली. मग त्यानं पान नवं करून लॅपटॉप सगळ्यांकडं फिरवला.

मी चष्मा लावला. 

मी नव्हते.

मी वरपासून खालपर्यंत पाहिलं. सगळ्या होत्या. मी नव्हते. एकेक बाई पानाकडं बघायची अन् मग माझ्याकडं. जसोदाबाईनं हात लांब करून माझ्या खांद्याला बोट लावून पाहिलं. मीही माझ्या मनगटाला चिमटा काढला. खरं सांगते, जित्तेपणी आपण नाही हे बघणं काही बरं नसतं.

"माय वं! जिजी, तुले बी लई गयी!" धनुबाई किंचाळली.

"कोण घेऊन गेली? नीट बघ. माझ्या जागेवर कोण आहे?"

धनुबाईनं डोळे बारीक केले. सगळ्या पुढे झुकल्या. संध्या होती, पण एकदाच. तिच्या खाली रूपाली, हिरव्या साडीत. अन् तिच्या खाली, माझ्या जागेवर, पुन्हा रूपाली.

"आता मला सांगा," मी म्हटलं, "काल रूपाली गेली ती संध्या तिची सवत म्हणून. मग आज मी गेले, तर ही रूपाली माझी सवत आहे का? आमच्या ह्यांना जाऊन किती वर्षं झाली, अन् ही पोरगी तेव्हा जन्मली तरी होती का?"

एक बाई हसली, मग दोघी. रविनाला हसू अन् रडू एकदमच आलं. धनुबाई मात्र पानाकडं बघत राहिली.

"रूपाली तर जित्ती शे," ती हळूच म्हणाली.

"जित्ती आहे. अन् दाराशी उभी आहे. जित्त्या माणसाचं भूत निघतं का? संध्या कुणाच्या मागे लागलेली नाही, धनुबाई. जो शेवटी बसेल तो जातो, अन् त्याच्या वरचा दोनदा दिसतो. बाधा जागेला आहे. ती का, ते मला माहीत नाही."

तेवढ्यात भाग्येशनं आपल्या कपाळावर असा हात मारला की लिंबू सुटून मिरचीत पडलं.

६

"शेवटचा जातो, त्याच्या आधीचा दोनदा," तो पुटपुटला. "आजी, मी गाढव आहे."

"ते मग बघू. आधी सांग."

त्यानं खाटेवर बैठक मारली. "कोठीतून मी एकेक नाव काढतो अन् रांगेनं मांडतो. त्याला ॲरे म्हणतात. तुमची पंगत समजा, एकेकीचं एकेक ताट. मग मी पंगतीत फेरी मारतो, त्याला लूप म्हणतात. आधी एकच फेरी होती, दाखवायची. मग धनुबाईंनी मान लावायला सांगितला. म्हणून मी तिच्या आधी दुसरी एक फेरी घातली. प्रत्येक ताट हातात धरायचं, त्यात सौ. वाढायचं, पुढचं ताट धरायचं."

"बरं, मग?"

"फेरी संपली तेव्हा हातात शेवटचं ताट होतं. रूपालीताईंचं. ते मी खाली ठेवलंच नाही. ठेव असं लिहावं लागतं, एक ओळ. मी विसरलो."

बायका आता नीट ऐकत होत्या. पंगत म्हटल्यावर त्यांना सगळं कळत होतं.

"मग दाखवायची फेरी सुरू. त्यात प्रत्येकीचं वाढप माझ्या हातातल्या ताटात घ्यायचं, लोकांना दाखवायचं, अन् पुढं जायचं. पण हातातलं ताट तर रूपालीताईंचंच! पहिलीचं त्यात ओतलं, दुसरीचं त्यात ओतलं, दरवेळी आधीचं गेलं. शेवटून दुसऱ्या संध्याताई, त्यांचंही त्यातच ओतलं. मग रूपालीताईंची पाळी आली. त्यांच्या ताटात बघतो तर..."

"संध्या," रूपाली म्हणाली. दाराशी उभी राहून ती पहिल्यांदाच बोलली.

"हो. कोठीतलं नाव शाबूत, पंगतीतलं पुसलं."

"अन् काय चुकनं त्यामा तिनं?" ललितचा आवाज आला. तो भिंतीपासून पुढं आला होता. एवढ्या बायकांत त्यानं कधी तोंड उघडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. "माय, फोन मी चालू ठेवेल व्हता. पेटीमा. संध्याना आवाज ऐकाले. रूपालीले माहीत व्हतं, तरी तिनी मन्हं नाव सांगं नही, आपली पिशवी भरी. ती धानोराले गयी तर मी बी तठेच जासू."

धनुबाई लेकाकडं बघत राहिली. मग भाग्येशकडं. "म्हन्जे मी मान लावाले सांगा," तिनं एकेक शब्द तोलत विचारलं, "त्यामुळे हाई सगळं व्हयनं?"

"मान लावल्यामुळे नाही. माझा हात सुटला नाही त्यामुळे."

त्यानं एक ओळ लिहिली. ताट खाली ठेव, एवढंच. पान नवं केलं. कै. सौ. संध्या, एकदा. सौ. रूपाली, एकदा. अन् खाली श्रीमती प्रमिलाबाई, नव्या लुगड्यात, जरा जास्तच हसणारी.

मग रविनानं विचारलं तो प्रश्न कुणीच विचारत नव्हतं. "ताईचा फोटो आता काढायचा का?"

सगळ्या रूपालीकडं बघायला लागल्या.

"ऱ्हाऊ द्या," रूपाली म्हणाली. "एकदा दिसनी तरी बस शे. अन् माय, टाक मी मिरचीना दिन गयात की घालसू. मन्हा गळाले झोंबस तर तिले बी झोंबत व्हई ना."

यावर धनुबाईचा बांध फुटला. ती उठली, रूपालीला पोटाशी धरलं अन् अशी रडली की अंगणातली मिरची भिजली असेल. आम्ही सगळ्या रडलो. भाग्येशसुद्धा.

आता कानबाई मायची आण मी सुरुवातीलाच घेतली आहे, अन् ती माय सगळं ऐकते, म्हणून एवढं सांगून टाकते. हे शेवटचं रडणं मी घातलं. बाकी सगळं खरं. पण धनुबाई रडली नाही, तिनं कुणाला पोटाशी धरलं नाही. ती बराच वेळ त्या पानाकडं बघत बसली. मग उठून पदर सारखा केला, उंबऱ्याआतली भरलेली पिशवी पायानं आत सरकवली, अन् रूपालीवर खेकसली:

"घरमा दूध उतू जाई ऱ्हायनं, अन् घरनी सून आठे तमाशा देखत उभी!"

रूपाली आत धावली.

मी मागोमाग जाऊन पाहिलं. दुधाचं पातेलं झाकलेलं होतं, अन् गॅस पेटवलेलासुद्धा नव्हता.